सप्लाय बोटीवरची माझी पहिली दोरी

रविवारी हुपरीहून कोल्हापूरला एसटीनं येत होतो. शेजारच्या सीटवरच्या पावण्यांनी विचारलं, काय करता? म्हटलं, बोटीवर असतो. त्यांनी मासळीचा भाव विचारला...

त्यांची चूक नाही. समुद्रात तेलाच्या विहिरी असतात, तिथं लोखंडी खांबांवर उभे प्लॅटफॉर्म असतात आणि त्यांना डिझेल, पाणी, पाइप, भाजीपाला पोचवणाऱ्या वेगळ्या बोटी असतात, हे मलाही कोर्सला जाईपर्यंत नीट माहीत नव्हतं. कोल्हापूरला उतरेपर्यंत त्यांना जेवढं जमलं तेवढं सांगितलं. पहिल्या फेरीचं राहिलं, ते इथं लिहितो.

हुपरीत आमच्या घरात चांदीच्या पैंजणांचं काम. आप्पा, म्हणजे वडील, आणि काका दिवसभर मांडी घालून बसलेले. मी बारावीनंतर खलाशाचा कोर्स केला आणि बरेच खेटे घातल्यावर एका सप्लाय बोटीवर ट्रेनी म्हणून लागलो. आप्पांनी नको म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

मुंबईहून निघालो आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत मला उलटी झाली. मग होतच राहिली. ही बोट छोटी, मागचा डेक पाण्याला टेकलेला... प्लॅटफॉर्मजवळ एका जागी उभं राहायचं म्हटलं की ती चारी बाजूंनी हलते.

पोटात पाणी ठरेना. काम करायचो, रेलिंगकडं जायचो, परत यायचो. कोणी हसलं नाही, हे मात्र खरं.

कॅप्टननं एका सकाळी बोलावून शांतपणे सांगितलं की हे सगळ्यांना जमतंच असं नाही. बंदरात गेल्यावर उतरायचं असेल तर आत्ताच सांग, बदली माणूस मागवतो. मी म्हटलं, उतरतो.

दुपारी बोटीच्या वायफायवरून घरी फोन लावला. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जमत न्हाय तर ये की. हितं बसायला जागा हाय तुझी."

मला बरं वाटलं. काकांनाही त्यांनी लगेच सांगितलेलं मला फोनमध्ये ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला. जेवणाच्या सुमारास प्लॅटफॉर्मवरून रेडिओवर निरोप आला... एक मासेमारी बोट इंजिन बंद पडून त्यांच्या दिशेनं वाहत येतेय. बोटीवर सहा-सात माणसं. त्यांचा नांगर तळाला धरत नव्हता आणि प्लॅटफॉर्मच्या पायांतून गॅसचे पाइप वर गेलेले. बोट तिथं आदळली तर काय होईल, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

आमचं काम तिला दोरी देऊन लांब ओढून नेणं. आमचे बोसन, म्हणजे डेकचे मुकादम, इकबालभाई. दाभोळकडचे. ते दोरी घेऊन डाव्या कोपऱ्यात उभे राहिले आणि उजव्या कोपऱ्यात जादा म्हणून मला दुसरी दोरी देऊन उभं केलं. फेकायची दोरी बारीक असते, टोकाला वजनाची गाठ. ती समोरच्या बोटीवाल्यांनी पकडली की तिला जाड दोर बांधून द्यायचा.

कॅप्टननं बोट मागं मागं नेली. नेमकी एक मोठी लाट आली आणि ती मासेमारी बोट फिरून माझ्या बाजूला आली.

मी फेकली. दोरी मध्येच पाण्यात पडली.

ओढून घेतली तर ओली, जड. इकबालभाईंना माझ्यापर्यंत यायला वेळ नव्हता, आमच्या दोघांच्या मध्ये डेकवर पाणी चढलं होतं. ते तिथूनच ओरडले, "त्यांच्याकडे नको टाकू. त्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाक!"

मी तशी टाकली. दोरी त्यांच्या बोटीवर आडवी पडली आणि डोक्याला टॉवेल बांधलेल्या एका माणसानं तिच्यावर अंगच टाकलं. जाड दोर गेला, त्यांनी बांधला आणि आम्ही हळूहळू ओढायला लागलो. प्लॅटफॉर्मच्या कठड्यावर उभी असलेली माणसं स्पष्ट दिसत होती, इतकं जवळ गेलो होतो...

भीती नंतर वाटली.

संध्याकाळी त्यांची दुसरी बोट न्यायला आली. जाण्याआधी त्यांनी आमच्याच दोरीला पिशवी बांधून पाठवली. आत बांगडे होते. कुकनं लगेच तळले. मी बसलो, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि त्या पोटात राहिल्या.

त्यानंतर मळमळ कायमची गेली, असं काही नाही. पण मी कॅप्टनकडं जाऊन बदली माणूस नको म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि ते कामाला लागले.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. आप्पांना फोनवर सगळं सांगितलं. मागं हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला.

"मी समद्यांस्नी सांगून बसलोय की, तू येतोस म्हणून," ते म्हणाले. "आता काय सांगू?"

"सांगा, कामावर हाय म्हणून."

मग त्यांनी विचारलं, "जेवतोस न्हवं?"

"व्हय."

"मग ऱ्हा."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. त्या टॉवेलवाल्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याचा जीव आम्ही वाचवला, असं इकडं लोक म्हणतात... पण त्या दिवशी दोरीचं दुसरं टोक त्यानं धरलं नसतं, तर मी आज हुपरीत घुंगरू बसवत असतो.