सातव्या नंबरचा दिवा

आधीच सांगते, कारण प्रतिक्रियांमध्ये हे विचारलं जाणारच. मी भूत मानत नाही. अंगात येणं, नजर लागणं, दारावरचं लिंबू-मिरची — या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहून भर चौकात वाटलेली आहेत, त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. म्हणून हे लिहायला जड जातंय... तरी लिहिते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला, रंगाचा एक लहान कारखाना आहे. रंग घोटायची टाकी उंच, तळाशी मोठं पातं. सफाईला आत उतरावंच लागतं. मागे दोघं उतरले होते. सुखदेवकाकांनी जोडीदाराला आधी वर चढवलं. टाकी रिकामी झाली समजून कुणीतरी मोटर चालू केली. काका आतच होते. कंपनी म्हणाली अपघात. मी पत्रकात लिहिलं — कंजूषपणा.

आमच्या कामगार संघटनेची मागणी साधी होती. आत कोण आहे हे लक्षात ठेवणारं यंत्र हवं. उतरताना टाकीजवळच्या पाटीवर टोकन टेकवलं की त्या नंबरचा दिवा लागेल, वर आल्यावर टेकवलं की विझेल. एक जरी दिवा लागलेला असला तरी मोटर चालू होणार नाही. अडचण मेमरीची होती. उष्णता, हादरे, कमीजास्त होणारी वीज यामुळे स्वस्त मेमरीतली एखादी नोंद मधेच उलटते, आणि आत असलेला माणूस बाहेर दिसतो. स्वतःची चूक स्वतः सुधारणारी मेमरी मिळते, पण महाग. मालक म्हणाले, एवढं बजेट नाही. जिवाला बजेट!

तोडगा काढला इम्रानभाईंनी. त्यांचं पैठण गेटला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तीन स्वस्त चिपा घ्यायच्या, प्रत्येक नोंद तिन्हींत लिहायची, आणि वाचताना चक्क मतदान. दोघी सांगतील ते खरं, चुकलेली तिसरी लगेच दुरुस्त. बहुमत! मला तर फारच आवडलं. तिन्ही एकदम चुकल्या तर, असं मी विचारलं. ते हसले.

"तीनो मिलके एकीच झूट नै बोलते, बाजी."

टोकनं वाटली तेव्हा सात नंबर कुणी घेईना. गेटवरच्या हजेरीत तो काकांचा नंबर होता. मी चिडले, लांबलचक भाषण ठोकलं. सगळ्यांनी मुकाट ऐकलं. मग टाकीवरचे जुने कामगार दगडूभाऊ म्हणाले, "ताई, तुमचं समदं बरोबर हाय. पर सात नको." शेवटी सातवं टोकन बनवलंच नाही. पाटीवर त्याचा दिवा तेवढा उरला.

चाचणीपुरतं बसवलेलं यंत्र ठेवायचं की काढायचं हे मालक ज्या दिवशी ठरवणार होते, त्या दुपारची गोष्ट. जेवणाची सुट्टी संपली. सुपरवायझरने मोटरचं बटण दाबलं... काही नाही. पाटीवर सातवा दिवा लागलेला.

"मॅडम, तुमच्या भंगारानं मेलेल्या माणसाला ड्युटीवर लावलं की," सुपरवायझर म्हणाला. कुणी हसलं नाही. टाकीत वरून डोकावलोय, रिकामी आहे, वायर काढून डायरेक्ट चालू करतो, असं म्हणत तो पाना शोधायला लागला.

मी लॅपटॉप जोडून तिन्ही चिपा वेगवेगळ्या वाचल्या. पहिली — सात आत. दुसरी — सात आत. तिसरीही तेच. बिघाड आहे म्हटलं तर यंत्र आजच भंगारात, आणि उद्यापासून टाकी पुन्हा पहिल्यासारखी. बरोबर आहे म्हटलं तर... जे टोकन अस्तित्वातच नाही, ते टेकवून आत गेलं कोण?

मी जे बोलले ते निव्वळ हट्टानं बोलले. श्रद्धेनं नाही, हे नोंदवून ठेवा.

"तिन्ही सांगतायत आत माणूस आहे. कुणीतरी टॉर्च घेऊन नीट बघेपर्यंत वायरीला हात लावायचा नाही."

मालक वैतागून म्हणाले, बघा रे एकदाचं. दगडूभाऊ झाकणातून अर्धे आत वाकले. टॉर्चचा उजेड पात्याखाली फिरवला. मग मान न वळवता हळूच म्हणाले, "पाय दिसतोय."

तो विठ्ठल होता. देवगाव रंगारीचा, कंत्राटदाराचा माणूस, कामाचा पहिलाच दिवस. तळ खरवडायला सुपरवायझरनंच सुट्टीआधी त्याला उतरवलं होतं, आणि विसरला होता. थिनरच्या वाफेनं चक्कर येऊन तो पात्याखालच्या अंधारात पडलेला. कंत्राटी माणसांना टोकन नव्हतं. खर्च वाचवायचा होता ना!

ब्लोअर लावून, मास्क घालून, दोर बांधून त्याला वर काढलं. श्वास चालू होता. फरशीवर आडवं केल्यावर मी पाटीकडे पाहिलं. सातवा दिवा विझलेला. कुणी काहीही टेकवलेलं नव्हतं.

नंतर इम्रानभाईंनी त्याच चिपा तापवल्या, हादरवल्या, वीज वर-खाली करून पाहिली. एखादी चुकते. तिन्ही एकदम, एकाच जागी — एकदाही नाही.

काकांच्या बायकोला, कौसाबाईंना, मी भीत भीतच सांगितलं. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. हात थांबला नाही. "कुणाला आत ठिवून वर यायची सवयच नव्हती त्यांना," एवढंच म्हणाल्या. एरवी मी वाद घातला असता...

दुसऱ्या दिवशी मालकांनी यंत्राला हार घातला. मी तो सगळ्यांदेखत काढला. चमत्कार म्हटलं की विठ्ठलला टोकन का नव्हतं, हे विचारायला कुणी उरत नाही. मी विचारलं, पत्रक काढलं, गेट अडवलं. आता कंत्राटी माणसांच्याही गळ्यात टोकन आहे.

परवा नवीन इंजिनिअर म्हणाला, मधला सात रिकामा का? टोकन बनवून टाकू. दगडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको, राहू दे.