चूल वेगळी आहे का?

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. एका जागी गप्प बसलं की साचतात. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसचं शटर मी पंधरा वर्षं उघडतोय. खाली जीन्सचा कारखाना, वर आम्ही. आम्ही म्हणजे मालक हरेशशेठ, प्रोग्राम लिहिणारी प्रज्ञा आणि मी, काळूराम. बाकीचे येतात, शिकतात, पुण्याला जातात. चहा, साफसफाई, कुरिअर माझ्याकडे. शिक्षण चौथी. मला कोणी काही सांगत नाही, म्हणून सगळं ठाऊक असतं.

हे किस्से एकाच कामाचे. काम मी आणलं होतं. बदलापूरच्या पुढे, बारवीकडे आमचं गाव. भावकीने गावदेवीचं देऊळ नवं बांधलं. दारातल्या दगडावर भावकीतलं एकूण एक नाव कोरायचं ठरलं, प्रत्येकाच्या नावाखाली त्याची पोरं. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, वह्या भरल्या. मेळ बसेना. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात करून घेतो. गावात रेंज नाही, म्हणून इंटरनेटशिवाय चालणारा प्रोग्राम करायचा होता.

अण्णा म्हणाले, "करून घे. पन ध्यानात ठेव, दगडावर खाडाखोड होत नाय. जो राहिला तो राहिला."

*

पहिल्याच आठवड्यात हरेशशेठ केबिनमधून ओरडले, "काका, ट्री अटक गया है! ब्रँच खुल नहीं रही."

ट्री म्हणजे झाड, एवढं इंग्रजी मला येतं. ऑफिसमागच्या उंबराची फांदी खिडकीत शिरली होतीच. कोयता घेऊन गेलो, फांदी तोडली, वर येऊन सांगितलं, "मोकळी केली."

प्रज्ञा हसत सुटली. मग तिलाच वाईट वाटलं. मला खुर्ची देऊन तिने स्क्रीन दाखवला. सगळ्यात वर एक नाव. त्याच्या शेजारी अधिकचं चिन्ह. ते दाबलं की खाली त्याची पोरं उघडतात. पोरांपुढे पुन्हा चिन्हं. ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्यापुढे चिन्ह नाही.

"हे मूळ, ह्या फांद्या. आणि शेवटी असतं ते पान," ती म्हणाली.

"मूळ वर?"

"कॉम्प्युटरमध्ये झाड उलटं असतं, काका."

"मग झाड कशाला म्हणता? झुंबर म्हणा."

*

प्रज्ञा अंबरनाथला शिवमंदिराकडे राहते. एकदा मला तिकडे पाकीट द्यायचं होतं, म्हणून तिच्याबरोबर शेअर रिक्षात बसलो. ती फोनवर हरेशशेठना समजावत होती.

"सर, आधी बापाला उडवलं की पोरं लटकतात. म्हणून आधी पोरं काढायची. एकेक करून. बाप सगळ्यात शेवटी."

रिक्षावाल्याने आरसा तिच्याकडे वळवला. दोन चौक गेल्यावर म्हणाला, "मॅडम, आपण वकील का? माझी पण केस चालू आहे."

*

पहिली यादी छापून आली ती नातवंडांपाशी संपली. पुढचं कोणीच नाही.

"परपोते किधर गए?" शेठनी विचारलं.

"सर, तीन पिढ्यांपुरतंच लिहिलंय. चौथीसाठी आत अजून एक लूप घालते."

"और पाँचवीं?"

"अजून एक."

"मतलब गाँव में हर डिलिव्हरी पे तू जाएगी?"

मी चहा ठेवत होतो. म्हटलं, "आमच्या भावकीत लग्नाच्या पत्रिका मी वाटतो. आजवर घर सुटलेलं नाही."

"कसं करता?" प्रज्ञाने विचारलं.

"दारात जायचं. विचारायचं, घरात कोणाची चूल वेगळी आहे का? आहे म्हणाले की आधी तिकडे. तिथेही तेच विचारायचं. नाही म्हणाले की मागे फिरायचं, राहिलेल्या दाराकडे."

"किती पिढ्यांपर्यंत?"

"पिढ्या मोजायचं काम माझं नाही. प्रश्न एकच, प्रत्येक दारात."

तिने कप खाली ठेवला. लिहिलेलं सगळं पुसलं आणि चार-पाच ओळी लिहिल्या. त्या ओळींना नाव द्यावं लागतं म्हणे. तिने 'चूल' दिलं.

शेठ म्हणाले, "प्रज्ञा, तेरे चार साल कॉलेज के, काका की चौथी."

*

नव्या प्रोग्रामचं बटण दाबलं आणि प्रिंटर थांबेना. पानंच्या पानं. धर्मा, हिराजी, धर्मा, हिराजी, धर्मा, हिराजी. शेवटी मी वायर काढली.

प्रज्ञा म्हणाली, "काका, धर्माचा मुलगा हिराजी आणि हिराजीचा मुलगा धर्मा. नक्की बाप कोण?"

"दोघंही. धर्मा माझा आजा. त्याचा मुलगा हिराजी, माझा चुलता. हिराजीला मुलगा झाला, त्याला आज्याचं नाव ठेवलं. तेच आमचे अण्णा. आमच्यात आजा परत येतो."

"परत येतो ते ठीक आहे, काका. पण इथे तो जातच नाहीये."

नावावरून शोधायचं तिने बंद केलं. प्रत्येक माणसाला नंबर दिला. आज्याचा नंबर एक. त्याला आवडलं असतं.

*

मग पूर्ण यादी आली. चौथी पिढीसुद्धा होती. शेठनी ती माझ्यासमोर ठेवली. "काका, आपका गाँव, आप देखो."

मी सावकाश वाचतो. बोट ठेवून. आमच्या घराशी आलो. बापाचं नाव होतं. खाली थोरला भाऊ होता. मी नव्हतो. धाकटा नामदेव सोळाव्या वर्षी तापाने गेला, तोही नव्हता.

मी यादी घडी करून ठेवली आणि आधण ठेवायला गेलो.

प्रज्ञा मागून आली. "बरोबर आहे ना?"

"असेल. मशीनने काढलीय."

तिने यादी उघडली. बराच वेळ शोधत राहिली. "काका, तुमचं नाव कुठंय?"

"मला आणि माझ्या बायकोला, हिराला, मूल झालं नाही. आता हिराही नाही. माझ्यापुढे ते अधिकचं चिन्ह येत नसेल."

ती जागेवर गेली. थोड्या वेळाने मला बोलावलं. डोळे लाल होते.

"चूक माझी आहे. मी प्रत्येकाला विचारलं, खाली कोणी आहे का? आहे म्हणाला तर त्याचं नाव छापलं आणि पुढे गेले. नाही म्हणाला तर नुसतीच मागे फिरले. सगळी पानं राहिली."

"म्हणजे दारात गेलीस, चूल वेगळी आहे का विचारलंस, आणि त्या घराला पत्रिकाच दिली नाहीस."

"हो."

"बाय, पत्रिका दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या द्यायची. प्रश्न नंतर."

तिने एक ओळ उचलून वर नेली. एकच. पुन्हा छापलं. नामदेव आला. काळूराम आणि हिरा एका ओळीत आले. भावकीतली तान्ही पोरं आली, लग्न न झालेल्या दोन आत्या आल्या.

हरेशशेठ केबिनच्या दारात उभे होते. म्हणाले, "बैठो काका. चाय मैं लाता हूँ."

*

शेवटी प्रज्ञा म्हणाली, "पानाच्या खाली नवीन माणूस आला तर नीट चालतं का, तेवढं बघते. टेस्टसाठी एक नाव घालते."

तिने माझ्या नावावर जाऊन काहीतरी टाइप केलं. माझ्यापुढे अधिकचं चिन्ह आलं. तिने ते दाबलं. खाली उघडलं, प्रज्ञा.

तेवढ्यात शेठनी तिला हाक मारली. "नंतर काढते," म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी पक्की यादी माझ्याकडे आली. तपासून खाली सही करायची होती. मी दोन दिवस घेतले. एकूण एक नावावर बोट ठेवून वाचलं. सही केली. यादी गावाला गेली, पाथरवटाने दगड कोरला.

देऊळ उघडलं त्या दिवशी जो तो दगडापुढे आपलं नाव शोधत होता. अण्णा चष्मा लावून वरून खाली वाचत आले. आमच्या घराशी थांबले.

"काळू, ही प्रज्ञा कोन रं? तुझ्या खाली कशी? चुकून आली काय?"

सगळी भावकी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "यादी मी तपासलीय."