नळ बंद, मीटर चालू

मामा गेल्याचा फोन मी तीनदा कापला. अनोळखी नंबर होता, आणि अनोळखी नंबरांवरून मला दिवसाला तीस-चाळीस फोन येतात. ते माणसं करत नाहीत, सर्व्हर करतात. ही व्यवस्था मीच लावलेली. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर जरा ताण आला की यंत्रानेच मला फोन करून कळवायचं... आणि मी शहापुरात चहा पिता पिता, न बघता, अंगठ्याने तो कापायचा. शेवटी मामांच्या गावाहून, वैशाखऱ्याहून, मामीने माझ्या बायकोला फोन लावला. म्हणाली, "त्याला सांग, मामाला उचलायचं थांबवलंय त्याच्यासाठी."

मामा गावच्या नळपाणी योजनेवर पंप चालवायचे. सकाळी मोटार सुरू केली की पाइपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहायचे, आजाऱ्याची नाडी बघावी तसे. टाकी भरायला जेवढा वेळ लागला तेवढी लांब रेघ कोळशाने पंपघराच्या भिंतीवर ओढायचे. एखादी रेघ शेजारच्या रेघेपुढे गेली, की खांद्यावर फावडं टाकून पाइपाच्या कडेकडेने निघायचे आणि ओली माती दिसेल तिथे खणायला लागायचे. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो, त्यामुळे सल्ला देणं भागच होतं. म्हटलं, "मामा, वहीत लिहा ना." तर म्हणाले, "वही उघडावी लागते. भिंत आपसूक दिसते." मी हसलो होतो.

पुढे नोकरी सोडून, पेढे वाटून, मी धसईच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटासाठी ॲप बनवलं. उद्या किती भेंडी, किती काकडी निघेल ते शेतकऱ्याने टाकायचं, आणि ते बघून व्यापाऱ्याने टेंपो पाठवायचा. सोपं होतं. पण ऐन सकाळी ॲप अडकायला लागलं. मी क्लाउडवर मोठं यंत्र घेतलं. तेही अडकलं, मग आणखी मोठं. भाडं एवढं चढलं की गटाने सांगितलं, "पुढच्या महिन्यात बी असंच आलं तर आमी आपले फोनाफोनी करू. तुमचं ॲप ठेवा तुमच्याकडं." माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. तोंड लपवायला मामांकडे गेलो.

"टाकी भरत नाय म्हणून तू मोठी मोटार बसवलीस?" मामांनी विचारलं.

"हो."

"आनि गळती कोन बघनार?"

मी लॅपटॉप उघडून रंगीबेरंगी आलेख दाखवले. मामांनी ते कौतुकाने पाहिले, मुलीकडच्यांनी फोटो दाखवल्यावर पाहतात तसे. मग म्हणाले, "बरं हाय. पन रोजचं किती असतं रे?" मला सांगता येईना. इतके आलेख काढले, पण नेहमीचं किती हे मी कधी बघितलंच नव्हतं. "गावातले सगळे नळ बंद असले ना, तवा मी मीटर बघतो," मामा म्हणाले. "तवा बी तो फिरत असंल तर पानी कुठंतरी जातंय. तुजं बी तसंच बघ."

दुपारी, शेतकरी जेवून आडवे झालेले असताना, बघितलं. ॲप कोणीही वापरत नव्हतं आणि यंत्र धापा टाकत होतं. चाचणीसाठी सुरू करून विसरलेली माझीच दोन यंत्रं तशीच भाडं खात होती. आणि मुख्य यंत्राला दमवत होता तो माझा लाडका प्रोग्राम. सगळं ठीक आहे ना, हे तपासायला लिहिलेला. तो दर सेकंदाला झाडून सगळा भाजीपाला पहिल्यापासून मोजत बसायचा. मामा पोट धरून हसले. "अरे, ताप बघायला घडीघडी उठवलास, तर आजारी मानूस झोपंल कवा?"

विसरलेली यंत्रं बंद केली, तपासणी दहा मिनिटांवर नेली, आणि पहिल्या लहानग्या यंत्रावर ॲप गुमान चालू लागलं. गट राहिला, म्हणून मी राहिलो. आज माझ्या घरात चूल पेटते ती मामांच्या त्या एका प्रश्नावर. त्याच बैठकीत माझा फोन सारखा वाजत होता, तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं होतं. "उचलत का नाय?"

"नेहमीचंच आहे, मामा."

"नेहमीचं हाय, तर वाजतं कशाला? मी गावाला एकदाच हाक मारतो, म्हणून गाव येतं."

मी मान डोलावली आणि विसरलो. भाडं कमी झालं होतं ना...

मामा गेले त्या दिवशी धापा टाकत पोचलो, तर माझ्या हातचं पाणी मामांच्या तोंडाला लागावं म्हणून मामीने सगळं गाव अंगणात बसवून ठेवलं होतं. घरी परतल्यावर मी सर्व्हरचे सगळे फोन बंद केले, यंत्र खरंच बंद पडलं तर येणारा तेवढा एक ठेवला.

गेल्या आठवड्यात पंपघरात गेलो होतो. मामांची शेवटची रेघ शेजारणीएवढीच आहे; गळती ठेवून गेले नाहीत. तिच्यापुढे थोड्या वाकड्या रेघा आहेत, मामीच्या. नवा माणूस मिळेपर्यंत मोटार तीच चालवते. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी इंजिनिअर होतो. म्हटलं, "मामी, मी इथे सेन्सर बसवून देतो. पाणी गळलं की थेट माझ्या फोनवर कॉल येईल."

मामीने कोळशाचा हात पदराला पुसला.

"आनि तो उचलनार कोन? तू?"