बाबा मला मॅडम म्हणाले

कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथे लिहिते आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, निवडणुकीत उमेदवारांच्या प्रचाराचं सगळं नियोजन मी बघते. सभा, गाड्या, कार्यकर्ते, मतदारांना जाणारे फोन. अकरा वर्षं हेच करते आहे. सध्या मुक्काम परतूरला, म्हणजे आमच्या आष्टीपासून अगदी जवळ. तरी अजून घरी गेलेले नाही.

आज सकाळी फोन करणाऱ्या दोन मुली आल्या नाहीत, म्हणून मीच बसले. नंबर कॉम्प्युटरच लावतो. पाच-सहा फोन झाल्यावर स्क्रीनवर बाबांचं नाव आलं.

"नमस्कार काका, मतदानाला नक्की या." ठरलेलं वाक्य तोंडातून निघूनच गेलं.

"येतो की मॅडम. माझी लेक बी हेच काम करती. पण तिला बोलायला टाइम न्हाई."

त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. "बाबा, मीच आहे," म्हणायची मला लाज वाटली. मग तब्येत विचारली, जेवणाचं विचारलं. आई गेल्यावर ते भाकरी थापायला शिकलेत, हे मला आज कळलं.

दुपारी मी माझ्या मोबाइलवरून फोन केला.

"कामात असशील, ठेव," बाबा लगेच म्हणाले. मग थांबून म्हणाले, "सकाळी प्रचारवाल्या एका मॅडमचा फोन आल्ता. लई आपुलकीनं बोलल्या बघ."

"हो का," एवढंच मी म्हटलं.

तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं का?