पाचुंद्यातली दहा नावं

वृंदाताई साखरदांडे खरोखर भडकल्या आहेत की नुसत्याच करवादताहेत, हे ओळखायची खूण लक्ष्मीबाई नगरच्या त्या टॉवरमधल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे. एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक ‘अच्छा’ आणि निदान अर्धा ‘यार’ असतो. चाळीस वर्षं दिल्लीत काढली, त्यातली बहुतेक एका मंत्रालयात फायली हाकण्यात, हिंदी मुरणारच. पण राग आला की ती सगळी गळून पडते आणि खालून लातूरकडची, आजोळची मराठी बाहेर येते. त्या शनिवारी आठव्या मजल्यावरून “मुडदा बशिवला त्याचा!” असं ऐकू आलं, तेव्हा सातव्या मजल्याने टीव्हीचा आवाज कमी केला. फुकटचं कोण सोडतंय?

मुडदा बसायचा होता तो गुणवंत देऊळगावकरांचा. गुणवंतराव तिथल्या मराठी मंडळाचे सांस्कृतिक सचिव. माणूस वाईट नाही, पण मरणाच्या दारातही वेळापत्रक मागेल असा. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर वर्धापनदिनाची पत्रिका टाकली होती : ‘पाचुंदा, पुन्हा एकदा. सदाबहार दहा गाणी. प्रमुख स्वर : श्रीरंग. गीते : पारंपरिक.’ आणि खाली ठळक अक्षरांत, ‘निवेदन नाही.’

पाचुंदा म्हणजे कडब्याच्या पाच पेंढ्या एकत्र बांधलेल्या. सत्त्याऐंशी साली याच कॉलनीतल्या, तेव्हाच्या दुमजली क्वार्टरांमधल्या वृंदा धरून पाच मराठी पोरापोरींनी आपल्या गाण्याच्या गटाला हे नाव दिलं. जात्यावरच्या ओव्या, कांडणाची गाणी, शेतातली गाणी ते पाच आवाजांत बांधून म्हणायचे. दिल्लीतल्या मराठी माणसाला गावाची आठवण काढून रडायला निमित्तच हवं असतं. पाचुंद्याने ते पुरवलं. तीन वर्षं कार्यक्रम धो धो चालले. एक कॅसेटही निघाली. पाचांतल्या श्रीरंगचा आवाज असा, की बायका पदर सावरून बसायच्या आणि नवरे खोकायला लागायचे.

पण श्रीरंगच्या गळ्यात गाणी आली कुठून? वृंदाच्या वहीतून. दर दिवाळीच्या रजेत ही बाई आजोळी जायची आणि पहाटे कुणाच्या तरी जात्याशेजारी वही घेऊन बसायची. अमीनाबी नावाच्या म्हातारीने तिला एकदा दळता दळता बजावलं होतं, “गाणं नेती तर ने बाई. पर म्हणताना माझं नाव घे. नाव न घेता म्हणलीस तर त्याला चोरी म्हणत्यात.” वृंदाने पिठाच्या हाताला हात लावून कबूल केलं. तेव्हापासून पाचुंद्याचा शिरस्ता पडला : गाण्याआधी ते जिच्याकडून आणलं त्या बाईचं नाव आणि गाव सांगायचं, मगच सूर लावायचा. दहा गाणी, दहा बाया.

आणि आता म्हणे निवेदन नाही!

रविवारी दुपारी तालीम होती, वृंदाताईंची मुलगी स्वरूपा हिच्या आठव्या मजल्यावरच्या सरकारी फ्लॅटच्या हॉलमध्ये. मूळ पाचांपैकी विजयालक्ष्मी वारली, दोघं परदेशात मुलांकडे. म्हणून स्वरूपाची लेक स्वानंदी आणि मुनिरक्यात खोली घेऊन शिकणारे दोघे असे तीन नवे आवाज घेतले होते. श्रीरंग गुरुग्रामहून आला, कानांवर बोटभर जाडीचे हेडफोन. संगीताचा ट्रॅक त्याने आधीच तयार करून आणला होता. एक गाणं संपलं की लगेच दुसऱ्याचा ढोल.

“नावं कुठे घ्यायची यात?” वृंदाताईंनी विचारलं.

“वृंदे, लोकांना गाणं हवंय. जन्माचा दाखला नकोय.”

“लाज वाटत नाही? त्या बायांच्या जिवावर शाली पांघरल्यास तू!”

“ताई, जरा समजून घ्या,” गुणवंतराव मध्ये पडले. “नंतर भोजन आहे. आणि पारंपरिक म्हटलं की सगळ्या आल्याच ना त्यात.”

“आल्या? उद्या तुमच्या बढतीच्या ऑर्डरवर ‘एक कर्मचारी’ लिहू दे. आलातच ना त्यात!”

“आई, तुझं बीपी,” स्वरूपा कुजबुजली.

“बीपीला म्हणावं बाहेर बस.”

श्रीरंग हसला. असा माणूस हसला की समजावं, खिशात काहीतरी आहे. त्याने खरंच खिशातून जुनी कॅसेट काढली, आतलं कव्हर उलगडलं आणि वृंदाताईंच्या मांडीवर ठेवलं. “वाच. गीते, पारंपरिक. हे कुणी टाइप केलं होतं गं?”



टाइप वृंदानेच केलं होतं. ऑफिसच्या टाइपरायटरवर, जेवणाच्या सुट्टीत. नावं दहा, गावं दहा आणि कव्हरवर जागा दोन बोटांची. कारकुनाची सवय : लांबलचक यादी आली की एका शब्दात गुंडाळून वर पाठवायची. तिला वाटलं होतं, स्टेजवर तर आपण सांगतोच. पण स्टेज तीन वर्षांत संपलं आणि कव्हर उरलं. कुणीतरी ती कॅसेट नेटवर चढवली, शाळांच्या स्नेहसंमेलनांत त्यावर पोरं नाचली, आणि जिथे तिथे तोच एक शब्द, वृंदाच्या बोटांनी उमटवलेला.

त्यांनी कव्हर घडी करून श्रीरंगला परत दिलं. सातव्या मजल्याला वाटलं, झालं, मिटलं. कसलं मिटतंय! दुसऱ्यावरचा राग बोलून जिरतो. स्वतःवरचा आला की वृंदाताई भांडी घासतात. त्या संध्याकाळी बाई येऊन लखलखीत करून गेलेली भांडी त्यांनी पुन्हा काढली, आणि कढईचा काळा तळ चांदीसारखा झाला तरी हात थांबेना. स्वानंदीने विचारलं, “आजी, इतकं काय झालं यार?”

“चोरी झाली,” त्या म्हणाल्या. “मी केली.”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. ट्रॅक सुरू झाला, ढोल वाजला, श्रीरंगने श्वास घेतला, आणि वृंदाताईंनी माइक तोंडाशी नेला. “हे गाणं अमीनाबी शेख यांचं. गाव नांदुर्गा.” ढोल पुढे निघून गेला. श्रीरंगचा सूर भलत्याच जागी पडला. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“ट्रॅक बंद करा,” वृंदाताई म्हणाल्या. “कॅसेटवर ‘पारंपरिक’ लिहिलंय ते मी लिहिलं. ते खोटं आहे. या गाण्यांना माणसं आहेत. नाव घेतल्याशिवाय आज एकही गाणं होणार नाही.”

पहिल्या रांगेतून कुणीतरी “बिल्कुल!” ओरडलं, मागून “अरे चलो यार, गाना सुनाओ!” आलं. वृंदाताईंनी मागच्याकडे अशी नजर टाकली की तो खुर्चीत विरघळला. ट्रॅक बंद झाला. टाळीच्या ठेक्यावर, नुसत्या गळ्यांनी पाचांनी गायलं :

दळण सरलं बाई, पीठ राहिलं हाताला,
सांगावा धाडू कसा नदीपल्याड भावाला.

श्रीरंग धुमसत होता, पण म्हातारपणीही आवाज तसाच. खोकणारे नवरे खोकले. चौथ्या गाण्यापर्यंत त्याला कळून चुकलं की ही बाई नाव घेतल्याशिवाय सूर लावू देणार नाही. तेव्हा दात खाऊन त्यानेच माइक ओढला. “हे सोनाबाईंचं. गाव किल्लारी.”

“औसा!” वृंदाताई माइकवरच कडाडल्या. “चाळीस वर्षं झाली तुला ते गाणं शिकवून!”

हॉल हसला. श्रीरंग लाल झाला आणि पुन्हा म्हणाला, “औसा.”

या सगळ्यात वेळ गेला. सहा गाण्यांनंतर गुणवंतराव घड्याळ दाखवत विंगेत नाचायला लागले आणि शेवटी त्यांनी माइकच बंद करवला. जेवणाची दारं उघडली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, ताटं वाजली. गुणवंतराव सत्काराची शाल घेऊन पुढे झाले. वृंदाताईंनी ती धरली आणि त्यांच्याच खांद्यावर टाकली. “तुम्हीच घ्या. घाम पुसा.”

मग त्या स्टेजच्या कडेला आल्या आणि उरलेली चार नावं बिनमाइकची, जात्याच्या घरघरीवरून पलीकडच्या वाड्यात पोचेल अशा आवाजात म्हणू लागल्या. नाव, गाव. नाव, गाव. पुरीच्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी मान वळवली, निम्म्यांनी नाही. रागाने त्यांचा गळा घोगरा झाला होता. शेवटचं नाव तर ताटांच्या आवाजात बुडालंच.

रांगेतून एक अनोळखी बाई दोन पावलं पुढे आली. हातात श्रीखंडाची वाटी, ताटात पुऱ्या.

“ते शेवटचं नाव ऐकू नाही आलं हो. पुन्हा सांगता?”

“आधी ताट खाली ठेवा,” वृंदाताई म्हणाल्या.

बाईने इकडेतिकडे पाहिलं, आणि वाटीसकट ताट खुर्चीवर ठेवलं.