मास्तरचं काय गेलं?

माझी विनोदी कादंबरी सुडातून निघाली, हे मी लपवत नाही. विनोदाला मन मोठं लागतं म्हणतात. माझं तेव्हा नव्हतं, आणि त्या एका माणसापुरतं आजही नाही.

तो माणूस उधन्यातल्या लूमच्या खात्यातला मास्तर, म्हणजे मागवाल्यांवरचा मुकादम. खातं म्हणजे कारखाना. आबा, माझे वडील, तिथे माग चालवायचे. मी बी.ए. झाले त्या दिवशी आबा पेढे घेऊन खात्यावर निघाले आणि मलाही सोबत घेतलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, मग मिरवायचं नाही तर काय? मास्तरने पेढा तोंडात टाकला, डागी कापडाची लांब पट्टी टर्रकन फाडली, तिचा हार केला आणि आबांच्या गळ्यात घातला. मग हाताला धरून मागांच्या मधल्या वाटेने त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "ग्रॅज्युएट का बाप! ग्रॅज्युएट का बाप!"

खात्यात खडखडाट इतका की कुणाचं काही ऐकू येत नाही, सगळे ओठ वाचतात. सगळ्यांनी वाचलं. शेजारच्या मागावरचे काका आधी हसले, मग बाकीचे. आवाज नाही, नुसते दात. आबाही हसले. मला लागलं ते तेच.

आम्ही खानदेश सोडून पोटासाठी इथे आलेलो, आणि मास्तरही आमच्याच खानदेशातला, दोन गावं पलीकडचा. परका असता तर कदाचित सोडून दिला असता.

मी लिहायला बसले. कादंबरीतल्या मास्तरला सत्कार करायचं वेड लावलं. तो आठवडाभर न बंद पडलेल्या मागाचा सत्कार करतो, त्याच्यावर नारळ फोडतो. मिशीला मागाचं तेल लावतो आणि माश्या मागे लागल्या की छत्री उघडून खात्यात फिरतो. त्याने एक पोपट पाळलाय, तो फक्त शेठच्या आवाजात खोकतो. लिहिताना माझं मलाच हसू आवरेना. वाटलं, सोललं त्याला.

खात्याच्या सुट्टीच्या दिवशी लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत वाचून दाखवायला सुरुवात केली. आबांच्या सोबतीचे चार-पाच जण आले, काकाही आले. मागांनी आबांचे कान कधीच नेलेत, म्हणून ते माझ्या अगदी समोर, ओठांवर नजर लावून बसले. लोक पोट धरून हसत होते. पोपट खोकला तेव्हा एकजण आडवा पडला. शेवटी काका डोळे पुसत म्हणाले, "काही म्हण पोरी, माणूस मोठा गमतीचा आहे आपला मास्तर! जीव लावतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोलायला निघाले आणि त्याची पाठ खाजवून आले!

आबा हसले नव्हते. त्यांनी एकच विचारलं, "मंग त्यानं काय गयं?" म्हणजे, मग त्याचं काय गेलं?

काहीच गेलं नव्हतं. मास्तर पहिल्या पानावर खुर्चीत होता, शेवटच्या पानावरही खुर्चीत. कुठलंही प्रकरण उचलून कुठेही ठेवा, फरक पडत नव्हता. नुसते विनोद होते. गोष्ट नव्हतीच.

मग उलट्या टोकाला गेले. पोपट उडवला, छत्री मोडली, तीस पानं नुसता संताप लिहिला. ती वाचताना खोलीत कुणी हसलं नाही. एकजण मध्येच चहा सांगायला उठला तो परत आलाच नाही. फाडली ती पानं.

तिसऱ्या वेळी स्वतःला एक नियम घातला: विनोद कितीही येडा असू दे, प्रत्येक विनोदात मास्तरचं काहीतरी गेलंच पाहिजे. आता नारळाची करवंटी मागात अडकते, माग मोडतो, शेठ त्याची खुर्ची काढून घेतो. खुर्ची परत मिळावी म्हणून तो शेठच्या सासूचा सत्कार ठरवतो. सासू तेलकट मिशी बघून मंचावरच ओकते, आणि खात्याची किल्ली जाते. किल्लीसाठी आणखी येडेपणा, मग त्यापायी गावही त्याच्याशी संबंध तोडतं. पोपट मात्र याही वेळी गेला. दोन महिने जीव टाकला होता त्याच्यावर, पण त्याच्या खोकण्याने मास्तरचं काहीच जात नव्हतं. कापला.

आणि हाराचा प्रसंग पहिल्यांदाच आत घेतला. जसा घडला तसा, एक शब्द न वाढवता.

पुन्हा सुट्टी, पुन्हा तीच माणसं. सासूपाशी हसून हसून सगळ्यांची वाट लागली. त्याच हसण्यात मी हाराच्या पानावर आले. शेजारच्या मागावरचा माणूस आधी दात काढतो, असं तिथे लिहिलंय. हसू थांबलं.

"पोरी," काका म्हणाले, "हा दात काढणारा मी शे का?"

"हो."

"अगं, सगळेच हसले होते."

"तुम्ही आधी हसलात, काका."

"मास्तरला घे ना! त्याला काय घ्यायचं ते घे. मला काढ त्यातून."

आबांनी दोघांचे ओठ वाचले. म्हणाले, "काढी टाक त्याले. मना शेजारे त्याना माग शे. रोज त्यानं तोंड देखनं पडस."

शेजारच्या मागावरच्या माणसाचं तोंड आबांना रोज बघायचं होतं, शेजार सांभाळायचा होता, ते मला कळत होतं. पण काका हसले म्हणून मास्तरला चेव आला, नाहीतर तो अर्ध्या वाटेत थांबला असता, हे मी दारात उभी राहून बघितलेलं आहे. मी म्हणाले, "नाही काढणार."

काका उठले, चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. बाहेर तोंड करूनच म्हणाले, "वाच पुढे."

मी पुढे गेले नाही. तेच पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, सावकाश, आबांना प्रत्येक शब्द दिसेल असं.