सात एकांची संख्या

अर्धांगवायूनंतर आईच्या तोंडात एकच शब्द उरला: लाभ. आमच्या उमेळ्याच्या घरी भात मोजताना पहिल्या मापाला कधी एक म्हणत नसत, लाभ म्हणत. पुढे दोन, तीन. आता चहा हवा तरी लाभ, पंखा बंद कर तरी लाभ. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईची ही गत बघून माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

"ताई, तिला आता काही कळत नाही," धाकटा भाऊ म्हणाला. "रविवारी नालासोपाऱ्याला माझ्याकडे नेतो. या घराला कुलूप लावू."

आईने डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली. तिला जायचं नव्हतं.

"कळतं की नाही ते रविवारी ठरव," मी ठणकावलं.

तो गेल्यावर मी तिच्यापुढे पाटी ठेवली. तिने डाव्या हाताने तिरपेतारपे सात एक मांडले, अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, आणि शेजारी भागाकाराची खूण केली. मला उमगलं. ही मूळ संख्या आहे, की हिला कशाने भाग जातो? वर्गातही ती असलंच काहीतरी द्यायची. मोबाईलवर उत्तर चुटकीसरशी मिळालं असतं, पण तिच्यासमोर मोबाईल काढायची माझी छाती नव्हती.

मी तीनपासून सुरुवात केली. तीन, सात, अकरा, तेरा. तिने सगळं तळहाताने पुसलं आणि लिहिलं एकोणतीस. भाग जाईना. मग त्रेचाळीस. मग एकदम एकाहत्तर. मधले आकडे कुठे गेले? भाऊ खरं बोलत होता की काय? तरी ती देईल त्या आकड्याने मी भागत राहिले. एकशे तेरा. एकशे सत्तावीस.

शनिवारी तांदूळ धुताना डोक्यात उजेड पडला. तिने दिलेल्या कुठल्याही आकड्याला सातने भागा, बाकी एकच उरते! सात एकांच्या संख्येला भागणारी मूळ संख्या तसलीच असावी लागते, हे तिनेच कधीतरी शिकवलं होतं. बाई भरकटली नव्हती, माझे फुकटचे भागाकार वाचवत होती. मी तशीच ओल्या हातांनी जाऊन तिला मिठी मारली. तिने पाटीकडे बोट दाखवलं.

रविवारी भाऊ नवं कुलूप घेऊन आला तेव्हा आम्ही दोनशे एकोणचाळीसवर होतो. बाकी शून्य! भागाकार आला चार हजार सहाशे एकोणपन्नास. आईने मोजल्यासारखं दोनशे एकोणचाळीसवर बोट ठेवलं. "लाभ." मग बोट दुसऱ्या संख्येवर नेलं. ओठ थरथरले, मान ताठ झाली.

"दोन," ती म्हणाली.

भावाने कुलूप खाली ठेवलं. त्याने पेन्सिल घेऊन सात एकांपुढे आठवा एक काढला. "आणि याला गं, आई?"

वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं, पेन्सिल हिसकावली आणि खाली लिहिलं, अकरा.

कुलूप तो परत घेऊन गेला.